नीतिसूत्रांतला ‘उद्योगी’ कोण? आणि ‘आळशी’ कोणाला म्हणावं?

प्रश्न:
मी संडे स्कूलला शिकवते. गेल्या रविवारी बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं 10:4 घेतलं. सैल हाताचा दरिद्री होतो, उद्योग्याचा हात धन मिळवतो, असा त्याचा आशय. सातवीतल्या मुलीनं विचारलं, “टीचर, उद्योगी म्हणजे कंपनीचा मालक का?” तिचं चुकलं नाही. ‘उद्योग’ म्हटलं की आज एमआयडीसी डोळ्यांपुढे येते, आणि घरात आपण “नसते उद्योग करू नकोस” म्हणून ओरडतो. मग मुलांना कोणता शब्द सांगू? मेहनती, कष्टाळू? मूळ हिब्रूत काय आहे?

प्रतिसाद:
ताई, मूळ शब्द ‘खारूत्स’. धातूचा अर्थ कापणे, धार असणे. मळणीची दातेरी फळी असते ना, आमोस 1:3 मध्ये तिच्यासाठी हेच अक्षर-रूप आलंय. सोन्यालाही ‘खारूत्स’च म्हणतात (नीतिसूत्रे 8:10). तो शब्द व्युत्पत्तीनं वेगळा, अक्कादी या प्राचीन भाषेतल्या ‘हुरासू’चा भाऊबंद, पण ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही सारखेच लागतात.

म्हणजे भर घाम किती गाळला यावर नाही, धारेवर आहे. 21:5 बघा. तिथे खारूत्सच्या समोर आळशी उभा नाही, उतावळा उभा आहे! म्हणून ‘कष्टाळू’ मला पटत नाही. कष्ट उतावळाही उपसतो. ‘उद्योगी’ मुळात छान शब्द आहे: उद् अधिक युज्, जुंपून घेणं. पण त्याचा अर्थ आता कारखान्याकडे सरकला. मुलांसाठी मी ‘कामसू’ म्हणेन. आमची आजी सुनेचं कौतुक करताना हाच शब्द वापरायची, आणि त्यात कामाचा उरक आणि नीटसपणा दोन्ही असायचं.

प्रतिसाद:
‘आळशी’साठी ‘आत्सेल’ आहे. हिब्रू शास्त्रात तो 14 वेळा येतो आणि चौदाही वेळा नीतिसूत्रांतच. चित्रं तर बघा: ताटात हात घातला, पण तोंडापर्यंत न्यायचा कंटाळा (19:24). बिजागरीवर दार फिरतं तसा अंथरुणात कूस बदलणारा (26:14). दार दिवसभर हलतं, जात कुठेच नाही. बाहेर सिंह आहे म्हणून घरात बसणाराही आहे (22:13). आपल्या संस्कृत सुभाषितात उलट सिंहच झोपलाय आणि हरणं काही त्याच्या तोंडात शिरत नाहीत.

20:4 शिकवाल तेव्हा एक सांभाळा. आळशी थंडीमुळे नांगरत नाही, असं तिथे आहे. गावाकडची मुलं विचारतील, थंडीत कोण नांगरतं? आपण उन्हाळ्यात नांगरून मृगाची वाट बघतो. बायबलच्या त्या देशात, इस्राएलात, पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, मग नांगरट नि पेरणी, आणि गहू उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. म्हणजे गारठ्यात, ओल्या मातीत उतरायचं असतं. हे न सांगता वचन सांगितलं तर त्यातला शेतकरीच दिसत नाही.

प्रश्नकर्ती:
‘कामसू’ घेते, आभार. पण ‘आळशी’बद्दल मला एक बोलायचंय. 1982 च्या संपानंतर माझ्या वडिलांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. रोज सकाळी डबा न घेता कामाच्या शोधात निघायचे. तेव्हा घरी प्रार्थनेला आलेल्या एकानं त्यांना नीतिसूत्रांतलं मुंगीचं वचन ऐकवलं, ‘अरे आळशा, मुंगीकडे जा’ (6:6). दादा, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत. मला तो शब्द अजून टोचतो.

प्रतिसाद:
ताई, तो शब्द त्यांना लागू नव्हताच, आणि हे शास्त्रातूनच दाखवता येतं. निर्गम 5:17 काढा. मिसरचा राजा फारो इस्राएली गुलामांकडून विटा पाडून घेतोय. विटांसाठी लागणारा पेंढा बंद केला, विटांची संख्या मात्र तीच ठेवली, आणि वर फारो त्यांना म्हणतो, तुम्ही आळशी आहात, आळशी! आपल्या वाचनात तिथेही ‘आळशी’च येतं, पण हिब्रूत तिथे ‘आत्सेल’ नाही. ‘निर्पीम’ आहे, सैल पडलेले, ढिले. तो शब्द जुलमी फारोच्या तोंडचा आहे, आणि तो खोटा आहे हे सगळी गोष्टच सांगते.

प्रेषित पौलाचं ‘काम नाही तर जेवण नाही’ असंच अर्धवट ऐकवतात. 2 थेस्सलनीकाकर 3:10 मध्ये ग्रीक क्रियापद ‘थेलेई’ आहे, म्हणजे ज्याची काम करायची इच्छाच नाही तो. ज्याला काम मिळत नाही तो नव्हे. मराठीत ‘आळशी’ हा एकच शब्द दमलेल्याला, आजाऱ्याला, बेकाराला, सगळ्यांना चिकटवला जातो. शिकवणाऱ्यानं तरी हे वेगळं काढायलाच हवं.

प्रतिसाद:
भर घालतो. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोकांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणायचे, कारण ते घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. सुट्टीच्या दिवसावरून ओळख पडली, पण आळशी तेली असं नाव पडलं नाही. ‘शाब्बाथ’ ज्या धातूतून आलाय त्याचा अर्थच थांबणे.

प्रश्नकर्ती:
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. येत्या रविवारी मुंगीच्या वचनासोबत निर्गमचा पाचवा अध्यायही घेते. त्या मुलीचे वडीलसुद्धा सध्या घरीच आहेत.