मांजर रात्रभर दाराशी ओरडून राहिली, बाहेर सोडू का? (मदत हवी आहे)

वखर: आठ दिवस झाले, मांजर दारापाशी बसून ओरडून राहिली. दार उघडलं की पायातून सटकते. घरचे म्हणतात सोडून दे, मांजर का बांधून ठेवायची चीज आहे? शेजारी म्हणतात सोडली तर गेली समज. सोडू की नको, एवढंच सांगा. घरात कोणाची झोप नाही.

मोहफूल: नर की मादी? वय किती? नसबंदी, लसी? घर गावात की शेतात?

वखर: मांजर म्हणजे मांजर. लहानपणापासून घरातच आहे. याचा सोडण्याशी काय संबंध?

निंबोणी: मादी दिसते. पाठीवर हात ठेवला की पुढचं अंग जमिनीला टेकवून मागचं वर करते का? शेपूट एका बाजूला, मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे?

वखर: हाव, अगदी तसंच. लोळतेही. कंबर दुखत असेल म्हणून दोन दिवसांपासून तेल चोळून राहिलो. मादीच आहे, सात-आठ महिन्यांची.

निंबोणी: तेल बंद करा, चाटून सगळं पोटात जाते. कंबर ठणठणीत आहे, ती माजावर आली आहे. मांजरीत नर लागल्याशिवाय बीज सुटत नाही. म्हणून नर न मिळाल्यास माज साधारण आठवड्यात उतरतो आणि दोन-तीन आठवड्यांत परत येतो. आता सोडली तर ओरडणं थांबेल, पण 63 ते 65 दिवसांनी घरात पिल्लं असतील. माज उतरला की आठवडाभरात नसबंदी करून घ्या. माजावर असताना गर्भाशयाला रक्तपुरवठा जास्त असतो, म्हणून बरेच डॉक्टर थांबायला सांगतात.

सालदार: एवढा खटाटोप काहून? माज थांबवायचं इंजेक्शन येते. एक टोचलं की काही महिने शांतता, चिरफाड नाही.

निंबोणी: आणि नंतर गर्भाशयात पू झाला की तीच चिरफाड, पण आजारी मांजरीवर. ती प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) जातीची औषधं आहेत. त्यांनी स्तनात गाठीही होतात. सालदारभाऊ, ढोराचं गणित मांजरीला लावू नका.

सालदार: बरं. औषध चूक नाही पण, डोस चुकतो.

मोहफूल: डोस बरोबर असला तरी तो धोका राहतोच. वखरभाऊ, घर कुठं ते अजून नाही सांगितलं.

वखर: शेतातच. तिन्ही बाजूंनी कपाशी. फवारणी चालू आहे सध्या.

पऱ्हाटी: हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं! 2017 मध्ये यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, तिथं तीन-चार किलोच्या मांजरीचं काय? ती औषध पीत नाही. फवारलेल्या ओल्या तासातून, म्हणजे कपाशीच्या ओळींमधून चालते, घरी येऊन एकेक पंजा बोटांच्या फटीपर्यंत चाटते, औषध तिथून आत जाते. फवारलेल्या दिवशी आणि पुढचे काही दिवस सोडूच नका. लाळ गळणं, बुबुळ टाचणीएवढं होणं, अंग थरथरणं दिसलं तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं पंजे-पोट धुवा. धुताना हातमोजे घाला. मग डबीचं लेबल सोबत घेऊन पशुवैद्यकाकडे निघा, या विषावरचा उतारा, ॲट्रोपीन, तिथं मिळते. आणि बैलाचं गोचिडाचं औषध पिसवांसाठी मांजरीला लावू नका. त्यातलं सायपरमेथ्रिन मांजरीचं यकृत पचवू शकत नाही.

तुरीचं_काड: मांजर उपाशी ठेवली तर उंदीर जास्त मारते, हा गैरसमज आहे. पोट भरलेली मांजरही शिकार करते. आणि सोयाबीनच्या पोत्यापाशी उंदीर मारायच्या झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकल्या असतील तर आधी उचला.

निंबोणी: उंदरांचं कोणी विचारलं नाही, पण गोळ्यांचं बरोबर आहे. त्या खाल्लेल्या मांजरीला दूध-भात देऊ नका. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढते आणि गोळ्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू आणखी सुटतो.

वखर: म्हणजे कधीच नाही सोडायची?

मोहफूल: नसबंदी झाली, त्रिगुणी (तीन आजारांवरची) लस आणि रेबीजची लस झाली, फवारणी संपली, मग सोडा. दिवसा, जेवणाच्या अर्धा तास आधी, म्हणजे भूक तिला परत आणते. रात्री आत. कुत्री, घोणस, उघड्या विहिरी सगळं रात्रीचंच. ऑपरेशननंतर दहा ते चौदा दिवस मात्र घरातच, टाका चाटू देऊ नका.

निंबोणी: खिडक्या पाहा आधी. डासांची नायलॉन जाळी नखानं दोन मिनिटांत फाटते. एक इंची वेल्डेड तारेची जाळी बसवा, चौकटीला स्क्रू आणि वायसरनं, खिळ्यांनी नाही. जिथून डोकं जाते तिथून मांजर जाते.

वखर: जाळी नायलॉनचीच होती. आत्ता पाहिलं, कोपऱ्यात भोक आहे आणि मांजर घरात नाही.

पऱ्हाटी: आज कपाशीच्या कुठल्या बाजूच्या तासांना फवारलं?

वखर: घराच्या मागच्या.

पऱ्हाटी: मग बादलीत कोमट पाणी काढून ठेवा. जेवणाची ताटली वाजवत मागच्या बांधावरून हाका मारा. आली की आधी पंजे धुवा, खायला नंतर.