प्रति: एप्रन न देता दाताचा एक्स-रे

वर विचारलंय की तालुक्याच्या दवाखान्यात दाताचा एक्स-रे काढताना शिशाचा एप्रन दिला नाही, हा हलगर्जीपणा नाही का? मला वाटते एप्रनवरच अडून बसू नये. अमेरिकन डेंटल असोसिएशननं 2024 मध्ये एप्रन अन् गळ्याच्या कॉलरचा सरसकट वापर बंद करा असंच सांगितलं. किरणांचा डोस खरा कमी होतो तो मशीनला गोल नळीऐवजी चौकोनी नळी लावून किरणांचा झोत फिल्मपुरताच ठेवल्यानं, आणि जुन्या फिल्मऐवजी डिजिटल सेन्सर वापरल्यानं. एका दाताच्या डिजिटल एक्स-रेला साधारण 5 मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक). निसर्गातून रोज जवळपास तेवढे किरण आपण घेतोच. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) मात्र याच्या कितीतरी पट, तो कशासाठी हे विचाराच.

आपल्याकडचा घोळ वेगळा आहे. गडचिरोली-यवतमाळकडचा पेशंट गावाजवळ एक्स-रे काढतो, नागपूरला जातो, फिल्म घरी कपाटात! तिथं पुन्हा काढणं आलंच. म्हणून मूळ इमेज व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागून घ्या, स्क्रीनचा फोटो कामाचा नाही.

अन् खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. (तो विषय काढला की सगळे गप्प.) वर्षानुवर्षं खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांच्या तोंडात सेन्सर बसतच नाही. मग बाहेरून ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढावा लागतो, त्याचा डोस एका दातापेक्षा जास्त. तिथं डॉक्टरशी हुज्जत घालून उपयोग नाही.

गरोदर बाईनं आधी सांगावं, पण पू झालेला दात एक्स-रेच्या भीतीनं तसाच ठेवू नये.