ब्लफला मराठीत ‘थाप’ म्हणायचं की ‘हूल’?

पोकर आणि गेम थिअरीवर (डावपेचांच्या गणितावर) मराठीत थोडं लिहितेय आणि ‘ब्लफ’पाशी, म्हणजे हलकं पान असताना भारी असल्यासारखे पैसे लावण्यापाशी अडकलेय. सगळे ‘थाप’ सुचवतात पण मला ते पटत नाही, थाप मारायला तोंड उघडावं लागतं आणि इथे कोणी काही बोलतच नाही, पानं उलटी ठेवून नुसते पैसे पुढे सरकवायचे. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद
ताई, ‘आव आणणे’ बघा. हातात गुलाम, आव राजाचा. फक्त ‘चारपैकी एक आव’ असं कोणी म्हणत नाही, म्हणजे मोजायची पंचाईत.

प्रतिसाद
हूल! कबड्डीतली. चढाई करणारा पाय टाकल्यासारखं करतो, कोपरा हलतो. नुसत्याच हुला दिल्या तर कोपरा जागचा हलणार नाही, आणि हूल कधी दिलीच नाही तर पाय पुढे आला की पकड ठरलेली. म्हणजे हूल किती द्यायची याला प्रमाण आहे आणि ब्लफचा सगळा जीव त्या प्रमाणातच आहे.

गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेला छोटा पोकर घ्या, पानं तीनच, गुलाम राणी राजा. दोघं १-१ रुपया टाकतात, एकेक पान घेतात, बेट म्हणजे वर लावायची रक्कम १ रुपयाची. समजा समोरच्याने चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी तुमच्याकडे दिली. तुमच्याकडे राजा असेल तर नेहमी बेट करा, गुलाम असेल तर तीनदातून एकदा. म्हणजे राणीवाल्याला दिसणाऱ्या चार बेट्समधली एक हूल. तो १ रुपया घालून ३ (आधीचे दोघांचे १-१ आणि तुमची बेट) मिळवायला बघतोय, एकदा ३ जिंकेल तीनदा १-१ हरेल, हिशोब शून्य, त्याने कॉल केला म्हणजे तेवढेच पैसे घातले काय नाहीतर पान टाकून डाव सोडला काय, त्याला फरकच पडत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वही घेऊन रात्री दोनपर्यंत बसलो होतो, इतकं सुंदर आहे ते.

प्रतिसाद
पण ‘हूल उठली’ म्हणजे अफवा ना? आणि पाऊस देतो ती हुलकावणी?

प्रतिसाद
क्रियापदावर जातं. उठते ती अफवा, देतात ती हूल. हुलकावणीत निसटून जाणं आहे, ते इथे नको.

मूळ प्रश्नवाली
पटलं, हूल पक्की. आणि यातून पोकर कसा बदलला तेही नीट सांगता येतं. गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्येच गेम थिअरीचा पाया घातला, पण टेबलावर बरीच वर्षं समोरच्याचा चेहरा, हात, श्वास वाचणंच चालायचं. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या संगणक प्रोग्रॅमने दोघांचा लिमिट होल्डेम (ठरावीक रकमेच्या बेट्सचा पोकरचा प्रकार) जवळपास सोडवला आणि २०१७ च्या जानेवारीत लिब्राटस या दुसऱ्या प्रोग्रॅमने पिट्सबर्गमध्ये १,२०,००० डाव खेळून चार कसलेल्या खेळाडूंना हरवलं. तो पॉटपेक्षाही, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांपेक्षाही, मोठ्या बेट्स लावायचा. बेट जितकी मोठी तितकं हुलांचं प्रमाण जास्त चालतं, शेवटच्या पत्त्यावर अर्ध्या पॉटच्या बेटला चारात एक, पूर्ण पॉटला तीनात एक, दुप्पट पॉटला पाचात दोन. आता खेळाडू घरी सॉल्व्हर, म्हणजे हा हिशोब करणारं सॉफ्टवेअर, लावून हेच प्रमाण घोटतात. ‘थाप’ शब्दात हे कुठे मावणार होतं?

आता उलटं. हातात राजा असूनही मुद्दाम चेक करून गप्प बसायचं, त्याला ‘दबा धरणे’ चालेल का?

प्रतिसाद
चालेल काय, धावेल! मांजर उंदरासाठी बसतं तसंच आहे ते.