नोकरी गेली नाही, तरीही
सरकारी बँकांच्या विलीनीकरणात कुणाची नोकरी गेली नाही, मग ताण कसला, असं एकांनी विचारलंय. मी अशाच एका विलीन झालेल्या बँकेतला, म्हणून लिहितो.

१ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. देशभर टाळेबंदी होती. शाखेवरची पाटी जुनीच, पण आमची बँक कागदोपत्री संपली होती. खरा त्रास नंतर, दोन्हीकडची संगणक प्रणाली एक केली तेव्हा सुरू झाला. वीस वर्षं काउंटरवर काढलेला माणूस, सगळे मेनू बोटांना पाठ. तो एका सोमवारी साधी मुदत ठेव मोडायला पंचविशीतल्या पोरीला हाक मारतो. ती बिचारी नीट सांगायची, पण याचा चेहरा पडायचाच. तेवढ्यात रांगेतून आवाज, "साहेब, शाखेचा आयएफएससी कोड बदलला म्हणता, मग माझे पैसे अडकले कुठे?" उत्तर आम्हालाही ठाऊक नसायचं.

त्यात अफवा. एकाच रस्त्यावर दोन शाखा, त्यातली कुठली बंद होणार हे आधी चहावाल्याला कळायचं (अतिशयोक्ती नाही ही), परिपत्रक सगळ्यात शेवटी. मला विचाराल तर कामाच्या ओझ्यापेक्षा या टांगणीनेच झोप उडवली.

आणि 'तुमच्याकडचे', 'आमच्याकडचे'! डबा खायलासुद्धा दोन वेगळी टेबलं. ती जोडली गेली ती कुठल्या प्रशिक्षणाने नव्हे, ऑडिट आलं तेव्हा.