मायक्रॉन की मायक्रोमीटर? आणि रिपोर्टातला ‘एफएल’ कोण?

भाचीच्या विज्ञानाच्या वहीत ‘तांबडी रक्तपेशी : ७ ते ८ मायक्रोमीटर’ असं लिहिलंय. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, आयुष्यभर लेथवर काम केलेले. त्यांनी वही बघून लगेच हरकत घेतली : "मायक्रोमीटर हे मोजायचं हत्यार. मापाला मायक्रॉन म्हणतात." बरोबर कोण? शिवाय त्यांच्याच सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टात एमसीव्हीपुढे ‘८८ एफएल’ आहे. हे काय माप?

— दोघंही बरोबर. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रोमीटर, आणि तोच मायक्रॉन. ‘मायक्रॉन’ हे नाव १९६७ साली आंतरराष्ट्रीय मापन परिषदेने अधिकृत यादीतून काढलं, पण वर्कशॉपला ते कोण सांगणार? प्लास्टिकच्या पिशव्यांच्या नियमांमुळे तर ते भाजीवाल्यांच्याही तोंडी बसलं. घोळ आपल्या लिपीचाही आहे. एककाचं आणि उपकरणाचं रोमन स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीत वेगळं होतं, देवनागरीत दोन्ही ‘मायक्रोमीटर’च. मी तरी उपकरणाला ‘मायक्रोमीटर गेज’ लिहितो.

— एफएल म्हणजे फेम्टोलीटर, आणि एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी माप. लॅबमध्ये रोज बघते म्हणून सांगते, ही पेशीची लांबी-रुंदी नाही, आकारमान आहे. १ घन मायक्रोमीटर म्हणजे बरोबर १ फेम्टोलीटर. ढोबळ हिशोब करून बघा : तांबडी पेशी चकतीसारखी, व्यास ७.५ मायक्रोमीटर, जाडी सरासरी २ मायक्रोमीटर धरली (मध्ये खोलगट असते, ते सोडा), तर ३.१४ × ३.७५ × ३.७५ × २, म्हणजे साधारण ८८. आजोबांचाच आकडा! ८० ते १०० हे सर्वसाधारण. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. पण नुसत्या एमसीव्हीवरून घरी निदान करू नका.

— शब्दचर्चाच आहे तर : ‘मायक्रो’ आणि ‘नॅनो’ ग्रीक, एक लहान, दुसरा बुटका. ‘फेम्टो’ मात्र डॅनिश-नॉर्वेजियन ‘फेम्टेन’वरून, म्हणजे पंधरा. दशांश चिन्हानंतरचा पंधरावा अंक, म्हणून पंधरा. एवढ्या बारक्या मापाला इतकं सरळ नाव!

— भाचीला एक सावधगिरी सांगा. हिंदी व्हिडिओ बघत असेल तर तिथे ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू; आपल्या पेशीला ते ‘कोशिका’ म्हणतात. त्यामुळे ‘शरीर की सबसे लंबी पेशी’ विचारलं की उत्तर मांडीतल्या सार्टोरियस स्नायूचं येतं. मराठीत तोच प्रश्न विचारला तर उत्तर चेतापेशी; पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारा तिचा तंतू जवळजवळ मीटरभर असतो. म्हणजे ‘पेशी अतिसूक्ष्म असते’ हे वाक्यही जपूनच लिहावं. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक हीसुद्धा मुळात एकच पेशी.

— आभार. वडिलांना साडेसात मायक्रॉन आणि अठ्ठ्याऐंशीचा हिशोब वाचून दाखवला. ते म्हणाले, आमच्या गेजचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. ही पेशी त्यात धरली तर शून्यच दाखवेल. वहीत आता ‘मायक्रोमीटर’पुढे आजोबांच्या अक्षरात ‘(मायक्रॉन)’ आहे.