किलोमीटरला पंधरा कोटी, बसला चिल्लर. पटतं का?

विनंतीथांबा (धागाकर्ता)
आमच्या विक्रोळीच्या गल्लीत रस्ता काँक्रीटचा होऊन वर्षही झालं नव्हतं. गेल्या आठवड्यात केबल टाकणारे आले, कटर लावून कडेची दीड फुटाची पट्टी कापली, केबल गाडली, वर खडी-माती लोटली आणि पेव्हर ब्लॉक ठोकून निघून गेले. त्यातला एक ब्लॉक आत्ताच डुगडुगतोय. पाय पडला की खालून चिखलाची पिचकारी थेट पोटरीवर. अजून पाऊस यायचाय, हे टँकरच्या पाण्यावर!

तिथेच उभा राहून डोक्यात हिशेब सुरू झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई पालिकेने पहिल्या टप्प्यात साधारण ३९७ किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची ६,०८० कोटींची कामं दिली. म्हणजे किलोमीटरला पंधरा कोटींच्या वर. मग दुसरा टप्पा, आणखी तीनशेच्या आसपास किलोमीटर. त्याच पालिकेने २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात शहराच्या बस चालवणाऱ्या बेस्टला दिले १,००० कोटी. शंभर रुपयांतले सव्वा-दीड रुपये. आणि त्याच वर्षी मे महिन्यात बसचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा.

माझं म्हणणं एवढंच: हाती घेतलेलं काँक्रीट पुरं करा, पण त्यानंतर नवा कुठलाही मोठा रस्ता काढण्याआधी चर नीट बुजवायला आणि बसगाड्यांना पैसा बाजूला काढा. भूमिपूजनाला नारळ फोडता येतो. चर चोख बुजवला म्हणून कुणी फोडलाय का?

निवृत्तदुय्यम
रस्ते विभागात दुय्यम अभियंता म्हणून नोकरी काढली आहे, म्हणून लिहितो. पंधरा कोटींचा आकडा असा उघडा टाकू नका. त्या निविदेत नुसता काँक्रीटचा थर नव्हता. पर्जन्यजलवाहिन्या, केबलींसाठी डक्ट (म्हणजे रस्ता न खोदता केबल सरकवायची जमिनीखालची नळी), फुटपाथ, सगळं एकत्र होतं. डक्ट कशासाठी? तुमच्या गल्लीत जे झालं ते होऊ नये म्हणूनच.

डांबराचं आणि पाण्याचं जन्माचं वैर. या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाणी भरलेल्या खड्ड्यात कोल्ड मिक्सची (खड्डे बुजवायच्या तयार डांबरी मिश्रणाची) गोणी रिकामी करून फावड्याने थोपटलेली मी उभं राहून पाहिली आहे. पुढची बस गेली की निम्मं मिश्रण टायरला चिकटून निघून जायचं. दरवर्षी तोच खड्डा, तेच बिल. काँक्रीटला दहा वर्षांची हमी असते. पॅनेलला, म्हणजे काँक्रीटच्या एका चौकोनाला, तडा गेला तर अख्खं पॅनेल फोडून नवं घालायचं, ठेकेदाराने, त्याच्या खर्चाने.

डबलसीट
निवृत्त साहेबांना +१. बसवाल्यांना खड्डा कळत नाही. तुमच्या खाली बसची सस्पेन्शन, माझ्या खाली माझा मणका. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्या असं सांगितलं. तेवढ्यावर वेळ आली, यातच सगळं आलं. आधी रस्ता सपाट करा, मग बसचं बोला.

विनंतीथांबा
@डबलसीट, बसही त्याच रस्त्यावरून जाते हो. काँक्रीटला माझा विरोध नाहीच.
@निवृत्तदुय्यम, डक्ट होता तर कटर का चालला? हमी दहा वर्षांची असेल, पण तिसऱ्याच माणसाने रस्ता कापल्यावर ठेकेदार ‘आम्ही नाही त्यातले’ म्हणून हात वर करणार. मग ती हमी कागदावरच.

निवृत्तदुय्यम
डक्ट रस्त्याच्या सलग लांबीत लागतो. मध्येच एखादा तुकडा अतिक्रमणामुळे किंवा झाडामुळे राहिला की केबलवाला तिथून खोदतो. परवानगी देताना चर पूर्ववत करण्याचे पैसे आधीच भरून घेतात, तेव्हा पैसा नाही असं नसतं. रात्री दोन वाजता चर बुजवताना तिथे उभं राहणारं माणूस नसतं. एका कनिष्ठ अभियंत्याकडे किती रस्ते असतात ते एकदा वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा. या बाबतीत तुमचं खरं आहे, पण बसचं या वादात काय काम?

पैपैचाहिशेब
बसचंच बोलू. २०१९ मध्ये किमान भाडं आठावरून पाच रुपये केलं ते लोकप्रियतेसाठी. इंधन, पगार, काहीच स्वस्त झालं नव्हतं. पूर्वी बेस्टच्या वीज विभागातून बसची तूट भरून निघायची, तीही वाट बंद झाली. मग दरवर्षी पालिकेच्या दारात झोळी.

आता कुणीतरी म्हणेलच, ‘ठेवी मोडा’. पालिकेच्या मुदत ठेवी हजारो कोटींच्या आहेत हे खरं, पण त्यातला मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, ठेकेदारांच्या अनामत रकमा असा बांधलेला आहे. उरलेल्यावर मोठ्या प्रकल्पांनी आधीच हक्क सांगितलाय. जकात २०१७ मध्ये गेली, आता राज्याच्या भरपाईवर भिस्त. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ. उत्पन्नाची एकेक खिडकी आपणच लावून घ्यायची आणि वर उकडतंय म्हणून ओरडायचं. (माझंही घर ४३० फुटांचं आहे, माफी मीही घेतो. तरी बोलणार.)

रात्रपाळी
वडील बेस्टमध्ये वाहक होते, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगतो.

झोळी कसली हो? बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम आहे. पाणी खात्याला कुणी विचारतं का, यंदा नफा किती? कोस्टल रोडचा पहिला टप्पा साडेदहा किलोमीटरचा, खर्च चौदा हजार कोटींच्या घरात, टोल शून्य. त्याला कुणी ‘तूट’ म्हणत नाही. गाडीवाल्याला फुकट ते विकास आणि बसवाल्याला पाच रुपयांत ते अनुदान!

आणि पाच रुपये केल्यावर प्रवासी झपाट्याने वाढले होते हेही लिहा. पण गाड्या? पंधराएक वर्षांपूर्वी चार हजारांच्या वर होत्या, २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली. बऱ्याचशा भाडेतत्त्वावर, गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा. बाबा म्हणतात, पूर्वी आगारात गाडी बिघडली की आपला मेकॅनिक धावायचा, आता फोन लावतात.

डबलसीट
कोस्टल रोडवर बस पण जाते. ए-७८.

रात्रपाळी
एक नंबर सांगितलात. दुसरा सांगा.

पैपैचाहिशेब
@रात्रपाळी, कोस्टल रोडला टोल लावा, मी पहिला सही करतो. पण त्यामुळे बेस्टचा हिशेब सुधारत नाही. दहा रुपये भाडं आजही शेअर रिक्षापेक्षा कमी आहे.

विनंतीथांबा
शेअर रिक्षापेक्षा कमी, पण पायी चालण्यापेक्षा जास्त. आमच्याकडे स्टेशनपर्यंत दोन स्टॉप आहेत, दहा झाल्यापासून शेजारच्या मावशी चालतच जातात. एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायीच होत्या. म्हणून तर पेव्हर ब्लॉकचं एवढं लावून धरलंय. मावशींना चर पण नडतो आणि भाडं पण.

चाळक्रमांक७
सगळे पैशावर भांडताय. ठरवलं कुणी, यावर कुणीच बोलत नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. तुम्ही म्हणताय ती ६,०८० कोटींची कामं या मधल्या काळातली. स्थायी समिती नाही, सभागृह नाही, प्रशासकाची एक सही. कुठली गल्ली आधी, कुठली नंतर, आम्हाला फलक लागल्यावर कळलं. नगरसेवक धुतल्या तांदळाचे होते असं नाही (२०१६ चा रस्ते घोटाळा त्यांच्याच काळातला), पण निदान त्याच्या घरासमोर हंडा घेऊन उभं तरी राहता यायचं.

आमचं तळमजल्याचं घर. नवा रस्ता झाला आणि उंबरठ्याच्या वर आठ इंच गेला. मीटरपेटीची खालची कड आता रस्त्याच्या रेषेत आहे. दारात विटांचा बांध घातलाय, आईला तो ओलांडताना भिंत धरावी लागते. मला बस, टोल, ठेवी काही कळत नाही. आठ इंच खाली करून द्या.

पैपैचाहिशेब
हे मात्र वाईट आहे.

निवृत्तदुय्यम
@चाळक्रमांक७, असं व्हायला नको होतं. काँक्रीट करताना जुना रस्ता पूर्ण खोदून, खाली भर घालून, पातळी जुनीच ठेवायची असते. आधी खोदला होता ना नीट?

चाळक्रमांक७
खोदला होता तर. दोन पावसाळे खोदूनच ठेवला होता.