मन लागेल तेव्हाच हरिपाठ म्हणायचा का?

माळकरी: परवा इथं एकानं लिहिलं, 'रोज ठरल्या वेळी हरिपाठ म्हणणं ही निव्वळ घोकंपट्टी. मन लागलं तरच म्हणावा.' गप्प बसणार होतो, राहवत नाही. मन लागायची वाट बघत बसलं तर आषाढीलासुद्धा तोंड उघडायचं नाही! आमचे वडील एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडी असली की रात्री डेपोतल्या बाकड्यावर सत्तावीस अभंग. मध्येच डुलकी लागायची, जाग आली की सुटलं तिथून पुढं. भाव किती होता ते विठ्ठलाला ठाऊक. पण आई गेली त्या रात्री घरात कुणाला काही सुचत नव्हतं, तेव्हा त्यांच्या तोंडून हरिपाठच आला. बाविसावा अभंग काढून बघा: 'नित्यनेम नामीं ते प्राणी दुर्लभ'. त्यात मूडबिड काही नाही.

फिरस्ता: तो 'एक' मीच. बाविसावा दाखवलात, त्याच्या आधीचा बरा गाळलात! 'काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं.' आमचे काका संध्याकाळचा हरिपाठ कधी चुकवत नाहीत आणि बांधावरून सख्ख्या भावाचं तोंड बघत नाहीत. काय करायचाय असला नेम?

माळकरी: कुठलीही वेळ चालते, असा त्याचा अर्थ. कधीच नाही म्हटलं तरी चालतं, असा नव्हे. आणि काकांचा बांध हरिपाठाच्या माथी कशाला?

झोपमोड: वेळेवरून आठवलं. आमच्या मागच्या देवळात पहाटे पाचला भोंग्यावर काकडा. म्हणायला माणूस नाही, पेनड्राइव्ह! रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा नियम २००० सालापासून आहे.

माळकरी: भोंग्याचा वेगळा धागा काढा हो.

भाकरतुकडा: नेमाच्या गप्पा पुरुषांनीच माराव्यात. सासरे टाळ घेऊन उभे राहिले की कुकर, दूधवाला, पोरांचा अभ्यास, सगळं माझ्या गळ्यात. वर 'सूनबाई, आवाज कमी'. मी भाकऱ्या थापता थापता म्हणते, नवव्या-दहाव्या अभंगाला कुणीतरी हाक मारतंच. हा नेम धरायचा की मोडला म्हणायचा?

माळकरी: धरायचा की! जनाबाई दळताकांडताच नाम घ्यायच्या ना?

भाकरतुकडा: जनाबाईंचं नाव घेतलंत तर पुरतं घ्या. त्यांच्यासोबत दळायला विठ्ठल बसायचा. तुमच्या घरी जात्याला कोण बसलं?

फिरस्ता: 😂 भाऊ, द्या उत्तर.

माळकरी: हसा. वडिलांचा डबा पहाटे उठून आईच करायची, हे मलाही दिसत होतं. मान्य, ताई. उद्यापासून कणीक मी मळतो, मग हरिपाठ. अर्धा तास उशीर होईल, होऊ दे.

फिरस्ता: वा! कणकेसाठी वेळ मागंपुढं झालेली चालते. मन लागत नाही म्हणून आम्ही एक दिवस सोडला की आम्ही नास्तिक!